कयाधूची वालधुनी होण्याआधी

नदी स्वच्छता मोहिमेचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. हातात रबरी मोजे, पायात गमबूट, एका बाजूला जेसीबी, दुसऱ्या बाजूला बॅनर. जलपर्णी निघते, प्लास्टिकच्या पिशव्या निघतात, ट्रॉली भरते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते की नदीने मोकळा श्वास घेतला. या मोहिमांची टिंगल करायचे कारण नाही. रविवारची झोप मोडून नदीत उतरणारी मुले कौतुकालाच पात्र आहेत. पण या फोटोंमुळे आपल्या मनात एक गैरसमज पक्का बसतो. नदी घाण झाली तर काय, साफ करू. थोडी माणसे लागतील, थोडा निधी लागेल, एवढेच. कारखान्याच्या रसायनांच्या बाबतीत हे खरे नाही. ती एकदा गाळात आणि जमिनीखालच्या पाण्यात उतरली की एक पिढी जाते, कोट्यवधी रुपये जातात आणि तरीही नदी पूर्वीसारखी होत नाही. हिंगोली जिल्ह्याने हे आजच समजून घेतले पाहिजे, कारण आपल्याकडे अजून वेळ आहे.

आपली कयाधू वाशीम जिल्ह्यातून येते, सेनगाव, हिंगोली आणि कळमनुरी तालुक्यांतून जाते आणि पुढे पैनगंगेला मिळते. तिच्याच काठावर नर्सी आहे, संत नामदेवांचे गाव. आज कयाधूची दुखणी आपल्या ओळखीची आहेत : शहराचे सांडपाणी, कचरा, वाळूचा उपसा, शेतातून वाहून येणारी खते-औषधे आणि उन्हाळ्यातले कोरडे पात्र. रासायनिक कारखान्यांची रांग तिच्या काठावर अजून नाही. साखर कारखाने आणि लहान एमआयडीसी सोडल्या तर जिल्ह्यात उद्योग फारसा नाही, आणि हेच आपले रडगाणे आहे. एक ना एक दिवस उद्योग येतील, आलेच पाहिजेत. प्रश्न एवढाच की ते येतील तेव्हा कयाधू, आसना आणि पूर्णा यांचे काय होईल.

याचे उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. ठाणे जिल्ह्यात वालधुनी नावाची एक लहानशी नदी आहे. हाजी मलंगला जाणारे आपल्याकडचे भाविक कल्याणला उतरतात. त्या स्टेशनजवळ या नदीच्या नावाची वस्तीच आहे. अंबरनाथजवळच्या काकोळे परिसरातल्या डोंगरातून ती निघते, अंबरनाथच्या अकराव्या शतकातल्या शिवमंदिराला लागून वाहते, उल्हासनगरातून जाते आणि कल्याणच्या खाडीकडे उतरते. कयाधूप्रमाणेच लहान नदी, तिच्याही काठावर पुरातन श्रद्धास्थान. फरक एवढाच की तिच्या काठावर आधी कारखाने आले आणि सांडपाण्याचा विचार नंतर. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीचे पाणी, उल्हासनगरच्या जीन्स धुलाईच्या युनिटांचे निळे-काळे पाणी आणि लाखो लोकांच्या घरांचा मैला तिने पोटात घेतला. लोक तिला नदी म्हणणे सोडून नाला म्हणू लागले.

नोव्हेंबर २०१४ च्या शेवटी एका रात्री उल्हासनगरजवळ एका टँकरमधले रसायन वालधुनीत सोडण्यात आले. त्यातून वायू उठला आणि काठावरच्या वस्तीत शेकडो लोकांना उलट्या, मळमळ, श्वास कोंडणे सुरू झाले. रात्री झोपलेली माणसे सकाळी दवाखान्यात होती. त्यांनी ना ते रसायन पाहिले होते, ना तो कारखाना. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, वनशक्ती या संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाबद्दल सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि स्थानिक संस्थांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपये भरायला सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर आयोग, समित्या, पाहण्या, कोट्यवधींच्या योजना सगळे झाले. वालधुनी अजून आजारीच आहे.

असे का होते? पैसा कमी पडतो म्हणून, भ्रष्टाचार आहे म्हणून, ही उत्तरे खरी आहेत पण अपुरी आहेत. मूळ कारण रसायनांच्या स्वभावात आहे.

घरातले सांडपाणी नदीत गेले तर त्यातले जैविक पदार्थ जिवाणू खातात. या कामात पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात, दुर्गंधी सुटते. पण सांडपाणी थांबवले आणि नदीला पाणी मिळाले, तर काही वर्षांत ती सावरू शकते. शिसे, पारा, क्रोमियम, कॅडमियम यांचे तसे नाही. ही मूलद्रव्ये आहेत. कोणताही जिवाणू त्यांना खाऊन संपवू शकत नाही. उलट तळातले काही जिवाणू पाऱ्याचे रूपांतर मिथाइल मर्क्युरी या जास्त घातक विषात करतात, ते माशात साठते आणि ताटात येते. पाणी वाहून जाते, धातू गाळात बसून राहतात. वरचे पाणी स्वच्छ दिसू लागले तरी पूर आला, गाळ ढवळला की विष पुन्हा वर.

मग साफ कसे करतात? गाळ उपसून काढतात. पण तो ठेवायचा कुठे? त्यासाठी खाली चिकणमातीचा थर आणि जाड प्लास्टिकचे अस्तर घातलेला खड्डा लागतो आणि त्यावर कायमची देखरेख लागते. जमिनीखालचे पाणी बिघडले असेल तर ते वर्षानुवर्षे पंपाने उपसून, शुद्ध करून सोडावे लागते. क्रोमियमसारख्या धातूचे घातक रूप रसायने टाकून कमी घातक रूपात आणता येते. काही सेंद्रिय रसायने जाळून किंवा जिवाणूंकडून मोडून घेता येतात. पण बहुतेक वेळा साफसफाई म्हणजे विष एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी कोंडणे. ते संपत नाही.

जपानमधल्या मिनामाताचे नाव अनेकांनी ऐकले असेल. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून पारा समुद्रात जात होता. रोगाची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. कारण हाच कारखाना, हे सरकारने मान्य केले १९६८ मध्ये. मग १९७७ ते १९९० या काळात खाडीतला सुमारे १५ लाख घनमीटर विषारी गाळ हलवून कोंडण्यात आला आणि त्यावर ५८ हेक्टरची नवी जमीन तयार झाली. मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून समुद्रात लावलेली जाळी निघाली १९९७ मध्ये. जपानसारख्या श्रीमंत आणि शिस्तीच्या देशाला एका खाडीसाठी चाळीस वर्षे लागली.

आपल्या देशातले उदाहरण राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातल्या बिछडीचे आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे एच अ‍ॅसिड हे रंगउद्योगाला लागणारे रसायन बनवणारे कारखाने काही काळच चालले. माल निघाला सुमारे ३७५ टन आणि मागे राहिला सुमारे २,४४० टन विषारी गाळ. त्याचे पाणी जमिनीत मुरले आणि आसपासच्या गावांतल्या विहिरींचे पाणी पिण्यालायक राहिले नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्याने प्रदूषण केले त्यानेच दुरुस्तीचा खर्च सोसावा. आज देशभर याच निकालाचा दाखला दिला जातो. पण कंपन्या अर्जांवर अर्ज करत राहिल्या, आणि २०११ मध्ये न्यायालयाला ३७ कोटींहून अधिक रक्कम व्याजासकट भरण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला. निकाल शेतकऱ्याच्या बाजूने लागला, तरी त्याची विहीर पंधरा वर्षे वाट पाहत राहिली.

आता ही उदाहरणे कयाधूला लावून बघा. मोठ्या, बारमाही नदीत रसायन निदान पातळ तरी होते. कयाधू उन्हाळ्यात डोहाडोहांत उरते, त्यामुळे जे पडेल ते तिथेच राहील. आपल्या जिल्ह्याखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी भेगांतून आणि सांध्यांतून फिरते. कारखान्याशेजारची विहीर चांगली आणि दोन शेते पलीकडची नासलेली, असेही होऊ शकते; त्यामुळे विष कुठून आले हे सिद्ध करणे आणखी अवघड. आणि नदीकाठची कितीतरी गावे याच पात्रातल्या आणि काठच्या विहिरींवर जगतात.

दुसरी गोष्ट हळदीची. वसमतची हळद हा आपल्या जिल्ह्याचा मान आहे. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. हळदीचा कंद आठ-नऊ महिने जमिनीत असतो आणि बाजारात त्याच्या शुद्धतेची कसोटी लागते. शिसे किती, हे निर्यातीच्या वेळी तपासले जाते. पाण्यातून आणि मातीतून धातू कंदात गेले, तर एका गावाच्या चुकीने सगळ्या जिल्ह्याच्या हळदीचे नाव जाईल. हळद पिकवणारा शेतकरी, ती शिजवणारा मजूर, वसमतच्या मार्केटातला हमाल आणि अडत्या, सगळ्यांचे पोट या मातीच्या शुद्धतेवर आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. आमची पोरे मुंबई, पुणे, हैदराबादला हमाली करतात. आधी कारखाने येऊ द्या, नदीचे नंतर बघू. ज्याच्या घरात दोन वेळची भाकरी पक्की नाही त्याला नदीचे प्रवचन देणे सोपे असते, हे मला मान्य आहे. पण उल्हासनगरच्या जीन्स युनिटांचे काय झाले ते पाहा. वर्षानुवर्षे पाणी तसेच सोडले गेले. अखेर कारवाई झाली तेव्हा अनेक युनिटे बंद पडली, काही शहराबाहेर सरकली. मालकांनी दुसरी जागा शोधली. धुलाईच्या मशीनवर उभे राहणाऱ्या, रंगाच्या पाण्यात हात घालणाऱ्या परप्रांतीय कामगारांची मजुरी मात्र त्या दिवशीच थांबली. सुरुवातीलाच पाणी शुद्ध करण्याची सोय केली असती तर नदीही वाचली असती आणि कामही. जो कारखाना घाण फुकट टाकून नफा कमावतो, तो एक दिवस बंद होतोच, आणि बंद होताना पहिला गरीब माणूस रस्त्यावर येतो. म्हणून रोजगार हवा असेल तर पाण्याची अट आधीच घालावी लागेल.

आता थोडे आपल्या समाजाबद्दल. प्रदूषण म्हटले की आपण बड्या कंपन्यांकडे बोट दाखवतो, पण भिवंडीतल्या डाइंग-सायझिंगच्या पाण्याने कामवारी नदीची काय अवस्था झाली, मालेगावात मौसम नदीचे काय झाले, हे आपल्याला ठाऊक आहे. तमिळनाडूतली वाणियंबाडी आणि आंबूर ही चामड्याच्या उद्योगाची गावे. तिथल्या उद्योजकांत मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. त्या पट्ट्यातल्या टॅनरींच्या पाण्याने पालार नदीकाठची सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन पूर्णपणे किंवा अंशतः नापीक झाल्याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालात आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्याच पट्ट्याबद्दल न्यायालयाला पुन्हा सविस्तर निकाल द्यावा लागला. या उद्योगांनी हजारो घरे उभी केली हे खरे. आणि त्याच गावांतल्या गरिबांची पाण्याची वाट लागली, हेही खरे. दोन्ही गोष्टी एकत्र बोलायची आपल्याला सवय हवी.

हिंगोलीत, वसमतमध्ये, कळमनुरीत आपली मुले गॅरेज चालवतात, बॅटरीची कामे करतात, भंगार घेतात. जुन्या बॅटरीतले अ‍ॅसिड आणि शिशाचा गाळ गटारात जातो, गाडीचे काळे ऑइल नाल्यात जाते. एका दुकानाचे थोडेसेच असते, पण गटार शेवटी नदीलाच मिळते. आणि त्याआधी ते शिसे त्याच दुकानात खेळणाऱ्या लहान मुलाच्या अंगात जाते. शिशाचा सर्वांत मोठा घाव मुलांच्या वाढत्या मेंदूवर होतो. पोराच्या शिक्षणासाठी रात्रंदिवस राबणाऱ्या बापानेच हे समजून घ्यायला हवे.

वुजूच्या पाण्याबद्दल आपण फार काटेकोर असतो. पाण्याचा रंग, वास आणि चव नापाकीने बदलली की ते चालत नाही, हे मदरशातल्या लहान मुलालाही माहीत असते. हौदात काही पडले तर आपण मौलानांना विचारतो. पण शिसे, पारा किंवा आर्सेनिक थोड्या प्रमाणात पाण्यात असेल, तर रंग बदलत नाही, वास येत नाही, चवही कळत नाही. अशा पाण्यासाठी डोळे, नाक आणि जीभ पुरत नाहीत, प्रयोगशाळा लागते. वाहत्या नदीवर बसूनही पाणी वाया घालवू नये आणि साचलेल्या पाण्यात घाण करू नये, ही शिकवण ज्यांच्याकडे आहे त्यांनी या तपासणीत सर्वांत पुढे असायला हवे. जुम्याच्या बयानात वर्षातून दोन-तीनदा तरी हा विषय का येऊ नये?

मग करायचे काय? माझ्या मते चार गोष्टी, आणि चारही आजच्या कायद्यात बसणाऱ्या.

पहिली, आधीची नोंद. बिछडीपासून वालधुनीपर्यंत प्रत्येक वादात कंपनीचा वकील एकच प्रश्न विचारू शकतो : पाणी आमच्यामुळेच बिघडले कशावरून, ते आधीपासूनच तसे नव्हते कशावरून? याचे उत्तर आजच तयार करता येईल. कयाधू, आसना आणि पूर्णाकाठच्या निवडक विहिरींचे पाणी आणि नदीचा गाळ उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासून घ्यावा. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत भर असतो क्षार, नायट्रेट, फ्लोराइड आणि जिवाणूंवर. जड धातूंची तपासणी वेगळी मागावी लागेल. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे ही मागणी ग्रामपंचायतींनी ठरावाने करावी.

दुसरी, अनामत. प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्यांकडून बँक गॅरंटी घेतेच. पण रासायनिक उद्योगाला परवानगी देताना ती नावापुरती नको. उद्या साफसफाई करायची वेळ आली तर किती खर्च येईल, त्या हिशोबाने हवी. घर भाड्याने देताना आपण डिपॉझिट घेतो; नदी देताना का नाही?

तिसरी, कचऱ्याचा रस्ता. धोकादायक रासायनिक कचरा शास्त्रीय पद्धतीने ठेवण्याची किंवा जाळण्याची मोठी केंद्रे राज्यात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे आहेत. हिंगोलीहून यातले कुठलेही जवळ नाही. दरवेळी शेकडो किलोमीटर टँकर न्यायचा म्हणजे खर्च, आणि तो खर्च वाचवायचा म्हणजे रात्रीच्या अंधारात एखादा नाला. वालधुनीवर हेच घडले. नियमाने असा कचरा साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि प्रत्येक खेपेची लेखी नोंद ठेवावी लागते. या नोंदी दर तीन महिन्यांनी गावासमोर यायला हव्यात. किती निघाला आणि किती पोहोचला, या दोन आकड्यांत फरक दिसला की बाकीचे विचारता येते.

चौथी, यादी. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये रसायनांनी दूषित झालेल्या जागांबद्दल नवे नियम आणले. त्यानुसार जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांचा अहवाल द्यायचा आहे, मंडळाने त्या तपासायच्या आहेत आणि जबाबदार ठरेल त्याच्याकडून दुरुस्तीचा खर्च घ्यायचा आहे. हे नियम आले तेव्हा देशात अशा १०३ जागा नोंदल्या गेल्या होत्या आणि प्रत्यक्ष सफाईचे काम सुरू होते फक्त ७ ठिकाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५ एकट्या महाराष्ट्रात होते, सर्व राज्यांत सर्वाधिक. म्हणजे नियम आला म्हणून नदी वाचली असे होत नाही. पण नियमाने आपल्याला एक प्रश्न विचारायचा हक्क दिला आहे : हिंगोली जिल्ह्याच्या यादीत कोणत्या जागा आहेत? बंद पडलेले कारखाने, कीटकनाशकांची जुनी गोदामे, बॅटरी फोडण्याच्या जागा पाहिल्या का? यादी कोरी असेल तर कुणी, कधी आणि काय तपासून ती कोरी ठेवली?

हा प्रश्न पक्षाचा नाही, धर्माचाही नाही. नर्सीला जाणारा वारकरी आणि कळमनुरीच्या उरुसाला जाणारा भाविक याच खोऱ्यातले पाणी पितात. येत्या ग्रामसभेत, नगरपालिकेच्या सभेत किंवा थेट जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक-जावक खिडकीवर हा अर्ज कुणीही देऊ शकतो. एका पानाचा अर्ज, माहिती अधिकारात दिला तर १० रुपये शुल्क. उत्तर आले की त्याची प्रत मराठीत काढून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, देवळाच्या आवारात आणि मशिदीच्या वुजूखान्याजवळ लावा, म्हणजे पुढच्या सहा महिन्यांनी ती नव्या यादीशी ताडून बघता येईल.